सकाळची पाथ

मला एका जागी बसता येत नाही, हे आमच्या शाळेत सगळ्यांना माहीत आहे. शिक्षकांच्या खोलीत मीटिंग चालू असली की मी मागच्या भिंतीजवळ येरझाऱ्या घालते. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभी राहते, म्हणजे जेवायला मांडी घालावी लागत नाही. नातेवाईक म्हणतात, किती कामाची बाई आहे. कामाची कसली, डोंबलाची. थोडा वेळ बसले की गुडघे, घोटे, बोटं सगळं जाम होतं, आणि मग उठताना जे तोंड होतं ते चारचौघांत दाखवण्यासारखं नसतं. म्हणून मी आपली फिरत राहते.

सकाळ सगळ्यांत वाईट. डोळे उघडतात, हात उघडत नाहीत. बोटं सुजलेली, गरम असतात आणि मूठ वळायला जावं तर अर्ध्यावरच अडते. ब्रशवर पेस्ट काढायची तर ट्यूब दोन्ही तळव्यांत धरून दाबावी लागते. गोंदियाला लागून कुडव्यात आमचं घर आहे. सकाळी समोरच्या रस्त्यावरून सगळी दुनिया दुचाकीवर कामाला निघालेली असते आणि मी खिडकीशी उभी राहून एकेक बोट उघडत-मिटत असते. त्या वेळी अंगात नुसता राग असतो. कोणावर ते ठरवता येत नाही, म्हणून तो नवऱ्यावर निघतो. तो बिचारा चहा पुढे ठेवतो आणि पेपरच्या मागे जातो.

या दुखण्याला आमवात म्हणतात. म्हातारपणी गुडघे झिजतात ते वेगळं. यात शरीराची राखण करणारी शक्तीच चुकते आणि आपल्याच सांध्यांवर तुटून पडते. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागायची? सांध्यांच्या आतलं अस्तर सुजतं, सूज तशीच राहिली तर हाडं खाल्ली जातात, आणि एकदा बोट वाकडं झालं की ते कोणत्याही तेलाने सरळ होत नाही. हे मी आता पाठ केल्यासारखं सांगते, कारण गेली काही वर्षं मी तेच करते आहे. भेटेल त्याला सांगते.

आपल्याकडे म्हणतात, दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. ही म्हण ज्याने केली त्याला माझं दुखणं झालं नसावं. माझं मुंगीच्या पावलांनी आलं. आधी फक्त सकाळी अंगठी निघेना. मग खडू पकडताना चिमूट दुखायला लागली. मग एक दिवस वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता खडू हातातून गळाला आणि तो उचलायला मला वाकता येईना. मी तेव्हा जेमतेम चाळिशीची होते.

मग सल्ले सुरू झाले. गोंदिया शहरात अर्धं बोलणं हिंदीतून चालतं, त्यामुळे मला सल्लेही दोन भाषांत मिळाले. शेजारीण म्हणाली, "भाभीजी, अलसी के लड्डू खाओ." शाळेतले एक सर म्हणाले, "मॅडम, ये तो उम्र का है." त्यांचं वय माझ्यापेक्षा जास्त होतं आणि ते रोज सकाळी बॅडमिंटन खेळायचे. कोणी निरगुडीचा पाला आणून दिला, कोणी मोहाच्या बियांचं तेल, कोणी आंबट बंद करायला सांगितलं. मी सगळं केलं. दुखणं काही हललं नाही.

पण सल्ल्यांनी माझं नुकसान केलं नाही. नुकसान मायेने केलं. मला जे जे जमेना ते ते कोणीतरी गुपचूप करून टाकायचं. कणीक नवरा मळायला लागला. केसांची वेणी मुलगी घालून द्यायची. शाळेत माझ्या तासाला शेजारच्या वर्गातल्या मॅडम येऊन फळा लिहून जायच्या, "आप बैठो, मैं लिख देती हूँ." सगळे इतके चांगले वागले की आपण आजारी आहोत हे मलाच कळलं नाही. असेल थकवा, असेल वय, होईल कमी, असं म्हणत मी दोन पावसाळे काढले. गोंदियातल्या डॉक्टरांकडून दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या आणि पुढे ढकलायचं.

शेवटी नागपूरला सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी माझे हात बघायच्या आधी एकच गोष्ट विचारली, "सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो?" मला हसू आलं. मी म्हणाले, शाळेत पोचेपर्यंत लागतो, सगळ्यांनाच लागत असेल ना. ते म्हणाले, नाही, सगळ्यांना लागत नाही. मग रक्त तपासलं, हातांचे एक्स-रे काढले. ते समोर धरून डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं." उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तोवर बाजूला कलायला लागली होती. ती आजही तशीच आहेत. बाकीची औषधाने वाचली. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या आहेत. त्या घेतल्या की दुसऱ्या दिवशी मळमळतं. मधूनमधून रक्त तपासावं लागतं. कधी महिना छान जातो आणि कधी काही कारण नसताना पुन्हा सगळं पेटतं. पण मी खडू धरते, स्कूटी चालवते आणि भांडते.

तेव्हापासून मला हे दुखणं दिसेल तिथे पकडायची सवय लागली आहे. बसमध्ये कोणी दांडी तळव्याने धरली की मी विचारते, बाई, सकाळी मूठ वळते का? भाजीवालीला विचारते, पालक सभेत आयांना विचारते. मुलगी म्हणते, आई, लोक तुला बघून रस्ता बदलतील. बदलू देत. या लष्कराच्या भाकऱ्या मी स्वतःच्या वाकड्या बोटांनी भाजते, कोणाचं काय जातं.

माझी धाकटी बहीण दवनीवाड्याला दिली आहे. त्यांची धानाची शेती आहे, स्वतःची थोडी आणि ठेक्याने केलेली थोडी. ती मला बाई म्हणते. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. अभ्यासात तिचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं होतं, पण तिला शाळेपेक्षा चिखल आवडायचा. रोवणीत, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावताना, तिचा हात असा चालायचा की बघत राहावं. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे कोवळ्या रोपांची, जुडी, उजव्या हाताच्या चिमटीने दोन-तीन काड्या सोडवायच्या, चिखलात खुपसायच्या, मागे सरकायचं. लावलेली रोपं सरळ रेषेत, अंतर एकसारखं. गावातल्या बायांची रोवणीची टोळी ती चालवते. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी जायचं, किती बाया न्यायच्या, सगळं तीच ठरवते. तिला त्याचा अभिमान आहे, आणि असायलाच हवा.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मी तिच्याच गावात बचत गटाच्या बायांसमोर या आजारावर बोलायला गेले. चित्रं काढून नेली होती. सुजलेला सांधा, चांगला सांधा, वाकडं बोट. चांगली तयारी केली होती आणि चांगलीच फजिती झाली. मी म्हणाले, ज्यांचे हात दुखतात त्यांनी हात वर करा. सगळ्यांनी केले. एक काकी म्हणाली, "मॅडम, या गावात कोनाचे हात दुखत नाई ते सांगा. रोवना करून पाहा एक दिवस, मंग तुमचेई दुखतीन." सगळ्या हसल्या. कोणी म्हणालं, आमच्या इथं बाजारात पुडी मिळते, घेतली की दुसऱ्या दिवशी माणूस पळते. मी म्हटलं, त्या पुडीत काय घातलं असतं ते देणाऱ्यालाच माहीत, चेहरा सुजतो, हाडं पोकळ होतात. त्या म्हणाल्या, मग तुमची गोळी द्या. मी म्हटलं, माझी गोळी तपासल्याशिवाय कोणाला देता येत नाही. मग मी आले कायले, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी चिडलेच होते. पण त्याच वेळी चहा आला आणि मला माझी बहीण दिसली. ती दाराशी बसली होती. चहाचा कागदी कप तिने काठाशी बोटांनी धरला नव्हता. दोन्ही तळव्यांच्या मधे दाबून धरला होता. तसा कप मी दोन पावसाळे धरला आहे.

बाया गेल्यावर मी तिला गाठलं. तिच्याशी बोलताना माझी शाळेतली मराठी गळून पडते.

"सकारी मूठ वरते का तुही?"

"तुले जिकडे पाहा तिकडे तोच रोग दिसते," ती म्हणाली आणि कप गोळा करायला उठली. उठताना तिने हात जमिनीला टेकवले ते पंजा उघडून नव्हे, मुठीच्या पाठीवर.

मी मग तिला रोज फोन करायला लागले. ती उचलायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि मी मुद्द्यावर आले की म्हणायची, "पानी आलं नळाले, ठेवते." दवनीवाड्याच्या नळाला त्या दिवसांत फारच वेळा पाणी आलं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वर्गात कविता शिकवता शिकवता मी थांबायचे. तिच्या बोटांमधे काय चाललं असेल ते मला आतून दिसायचं, कारण ते माझ्या बोटांत होऊन गेलं होतं. आता या घडीला ते थांबवता येतं आणि काही महिन्यांनी येणार नाही, हे मला एकटीलाच माहीत होतं. आणि ती माझा फोन ठेवत होती.

पाऊस चांगला लागला, रोवण्या सुरू झाल्या. एका सुट्टीच्या दिवशी मी न सांगता सकाळीच स्कूटीने निघाले. रेनकोटचं बटण लावता आलं नाही म्हणून तसाच घातला. गावाबाहेरच्या बांधीत टोळी उतरलेली होती. बाया एका ओळीत वाकून मागे मागे सरकत होत्या. अंगावर मेणकापडं, पुढ्यात हिरवं, पाठीमागे नुसतं गढूळ पाणी. प्रत्येकीच्या वाट्याला बांधीचा जो पट्टा येतो त्याला पाथ म्हणतात. आपली पाथ आपण लावत जायची. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून बहिणीला शोधत होते. ती त्यात नव्हती.

नीट पाहिलं तर शेवटच्या दोन बायांच्या मधली जागा जरा जास्त रुंद होती. त्या दोघी आपली पाथ लावून मधलीही लावत होत्या. एक अर्धी डावीकडून, एक अर्धी उजवीकडून. त्यातली एक म्हणजे सभेत मला रोवणी करून पाहायला सांगणारी काकी.

"माझी बहीण कुठे?" मी विचारलं.

"येते ना, ऊन निंगल्यावर," काकी वाकलेल्या वाकलेल्याच बोलली. "सकारची पाथ आमी लावून देतो तिची. तिचा हात सकारी नाई चालत. मंग आली का आमाले सगऱ्यायले मांगं टाकते."

"किती दिवसांपासून?"

"मांगच्या रोवन्यापासून असंच आहे," काकी म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. टोळीतल्या बाईला टोळीने सांभाळायचं असतं, तशी ती सांभाळत होती.

मी त्या धुऱ्यावर उभी होते आणि मला माझ्या शाळेतला फळा दिसत होता. मागचा रोवणा म्हणजे वर्ष झालं. वर्षभर या बाया तिची सकाळ लपवून ठेवत होत्या, अगदी जीव लावून.

बहीण आली तेव्हा उन्हं वर आली होती. मला पाहून तिचं तोंड उतरलं. मी काही बोलायच्या आत ती चिखलात उतरली. पहिली थोडी रोपं तिने हळू लावली आणि मग तिचा हात सुटला. खरंच सगळ्यांना मागे टाकलं. दुपारी जेवायला सगळ्या धुऱ्यावर बसल्या तेव्हा मी तिला बाजूला घेतलं.

"पाह्यलं ना?" ती म्हणाली. "मी का बिमार दिसून राहिली का तुले? सकारी अकडते, काम केलं का मोकरं होते. जो रोग काम केल्यानं बरा होते तो रोग कायचा? रोगानं मानूस झोपते."

हेच ते. आमच्या गावाकडे आजारी माणूस ओळखायची एकच खूण आहे, त्याला काम होत नाही. काम करून ज्याला बरं वाटतं तो आजारी कसा असेल, उलट त्याने जास्त काम करावं. या दुखण्याची चाल नेमकी उलटी आहे. झोपून उठलं की वाढतं, हलत राहिलं की थोडा वेळ हात सोडतं, आणि आतलं खाणं चालूच ठेवतं. मी तिला हे सांगितलं. चित्रं काढलेला कागद पिशवीत होता, तोही काढला. तिने पाहिलाच नाही.

"तू धुऱ्यावरून सांगते, बाई. तुह्यं ठीक आहे, पगार आहे. मी टोळी सोडून नागपूरले गेली त बाया दुसरीकडे जातीन. रोवना होऊ दे, कापनी होऊ दे, मंग पाहू."

"कापनीपर्यंत बोटं थांबतीन का?"

"तू काऊन माह्या मांगं लागली?" ती म्हणाली आणि डबा उचलून निघून गेली. डबा तिने मनगटावर लटकवला होता.

घरी येऊन मी नवऱ्यावर ओरडले, मुलीवर ओरडले, आणि मग कपाट आवरायला काढलं. मला काहीतरी करायलाच हवं होतं. तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या जवाईंना, फोन केला. ते भले माणूस आहेत. म्हणाले, "बाई, ते त रोज कामाले जाते. मले कई बोलली नाई." घरात सकाळचा चहा आणि भात त्यांची आई करायची, त्यामुळे त्यांना दिसलं काहीच नव्हतं. मला कळून चुकलं की हे सांगून होणार नाही. दिसलंच पाहिजे.

म्हणून मी काकीला गाठलं. पुढच्या सुट्टीला बहिणीच्याच घरच्या बांधीत रोवणा होता, आणि घरची बांधी असली की घरची बाई पहिल्यापासून ओळीत उभी राहते, उशिरा येऊन चालत नाही. मी काकीला म्हटलं, त्या दिवशी तिची पाथ लावू नका. तिला लावू द्या.

काकी माझ्याकडे बघतच राहिली. "कोंडाची का तिले?"

रोवणीत ओळ मागे मागे सरकते. एखादी हळू पडली तर ती पुढेच राहते, शेजारणी मागे जातात आणि तिच्या दोन्ही अंगांना रोपं लागत येतात. हिरव्याच्या मधे ती एकटी, तिच्या पायाशी रिकामी पाथ. याला कोंडणं म्हणतात. नवी सून, आळशी बाई यांना टोळीतल्या पोरी मस्करीने कोंडतात आणि त्याची गावभर गाणी होतात. टोळी चालवणाऱ्या बाईला कोणी कोंडत नाही. ते मस्करीत बसत नाही.

"हो," मी म्हटलं, "कोंडा."

"मॅडम, तुमी तिच्या सख्ख्या बहीन ना?"

मी रेनकोटच्या बाहीतून उजवा हात काढला आणि तिच्यापुढे धरला. ही दोन बोटं बघा. मला सगळ्यांनी सांभाळून घेतलं, त्याची ही बोटं आहेत. काकीने हात लावून पाहिला. मग तिने स्वतःची मूठ वळवून पाहिली, माझी कलती बोटं पुन्हा पाहिली. "पाहतो," म्हणाली.

त्या सकाळी मी गेले तेव्हा पाऊस नव्हता, नुसतं ढगाळ होतं. जवाई धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या जुड्या टाकत होते. बहीण ओळीत काकीच्या शेजारी उभी होती. तिने मला पाहिलं आणि मान फिरवली. बाया वाकल्या, रोवणी सुरू झाली. पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येण्यासारखं काही नव्हतं. मग ओळ मागे सरकली आणि ती सरकली नाही.

तिच्या डाव्या हातात जुडी होती. उजव्या हाताने ती काड्या सोडवायला बघत होती आणि चिमूट बसत नव्हती. अंगठा आणि बोट एकमेकांपर्यंत पोचत नव्हते. तिने जुडी मनगटात दाबून तळव्याने काड्या ओढल्या, एकदम सात-आठ आल्या, त्या तशाच चिखलात खुपसल्या, आणि त्या आडव्या पडून तरंगायला लागल्या. तिने डावीकडे पाहिलं. काकी आपली पाथ लावत मागे गेली होती. उजवीकडे पाहिलं, तिथलीही गेली होती. कोणी वर पाहत नव्हतं. एरवी रोवणीत बाया बोलतात, गातात, एकमेकींना चिडवतात. त्या दिवशी पाण्यात हात बुडल्याचाच आवाज येत होता. बघता बघता तिच्या दोन्ही बाजूंना हिरवं उभं राहिलं आणि ती मधे, तरंगणारी रोपं पुन्हा पुन्हा खोचत.

मला ओरडावंसं वाटत होतं की पुरे करा. मी धुऱ्यावर इकडून तिकडे चालत राहिले. थांबले असते तर खरंच ओरडले असते.

जवाईंच्या हातातली जुडी खाली पडली. ते तसेच चिखलात उतरले, रिकाम्या पाथीतून तिच्यापाशी गेले आणि तिचा हात धरला. तिने ओढून घ्यायचा प्रयत्न केला. त्यांनी तिची बोटं उघडायला पाहिली आणि ती उघडली नाहीत. "हे कवापासून?" त्यांनी विचारलं. ती हात सोडवून बांधीतून बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं मारते की काय.

"झालं तुह्यं समाधान?" ती म्हणाली आणि चिखलाच्या पायांनी घराकडे चालायला लागली.

तिची पाथ जवाईंनी लावली. वाकडीतिकडी लावली, आणि एकही बाई हसली नाही.

नागपूरला आम्ही तिघं रेल्वेने गेलो. जवाई मधे बसले, ती खिडकीशी आणि मी या टोकाला. ती सगळ्या वाटेत माझ्याकडे पाठ करून बाहेर बघत राहिली. मी जागेवरून उठून दारापर्यंत जायचे, यायचे. डॉक्टरांनी तिच्या बोटांची पेरं एकेक दाबली, ती "स्स" करत राहिली. रक्त, एक्स-रे, सगळं झालं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, एक्स-रेकडे बघायची मला हिंमत नव्हती. ते तिला म्हणाले, "लवकर आलात. हाडं अजून चांगली आहेत." मी खोलीबाहेर आले आणि जिन्यात उभी राहून रडले. कोणासाठी रडले ते मला तेव्हा कळलं नाही.

औषध लागू पडायला वेळ लागला. त्या काळात तिची खबर मला जवाईंकडून आणि काकीकडून कळायची. काकी स्वतःही जाऊन तपासून आली. तिचं निघालं साधं झिजेचं, पण टोळीतल्या एका तरुण पोरीची मूठ वळत नाही हे तिने शोधून काढलं आणि मला फोन केला. मी इतकी चित्रं काढून जे केलं नव्हतं ते तिने असं सहज केलं. बहिणीने मात्र फोन उचलला नाही. दिवाळी झाली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा लेकीबाळींना, बहिणींना, पाहुण्यांना बोलावणं जातं. दवनीवाड्याच्या मंडईचं बोलावणं मला इतक्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं. या वर्षी आलं नाही. मी नवऱ्याला म्हटलं, नाही तर नाही, तिचे हात शाबूत राहिले ना. आणि मग घरभर फिरत राहिले. राग यावा तर कोणाचा, तिचं काहीच चुकलं नव्हतं.

मंडई होऊन गेल्यावर एका दुपारी ती आली. जवाईंनी दारात सोडलं आणि ते बाजारात गेले. तिच्या हातात नव्या धानाच्या पोह्यांची पिशवी होती. तिने ती ओट्यावर ठेवली आणि उभी राहिली. मीही उभीच. मी चहा टाकला. साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं आणि माझी बोटं त्या आठवड्यात सुजलेली होती. मी डबा पोटाशी धरून तळव्याने झाकण फिरवत होते. ती आली, डबा माझ्याकडून घेतला आणि एका झटक्यात उघडला.

मी तिच्या हाताकडे बघत राहिले. पाची बोटं सरळ, पेरांवर सूज नाही. खरं सांगते, मला पहिल्यांदा हेवा वाटला. कडकडून वाटला. आनंद त्याच्या मागून आला.

"माफ नाई केली मी तुले," ती म्हणाली. "साऱ्या बायांसमोर कोंडलं तू मले."

"माहीत आहे मले."

तिने चहात साखर घातली, ढवळली. मग माझा उजवा हात ओढून घेतला आणि ती दोन बोटं आपल्या मुठीत धरली, जोर न लावता.

"तुले काऊन नाई कोंडलं, बाई, कोनी?"

"सगऱ्यायनं माया केली ना माह्यावर," मी म्हटलं.